नाव, शाळा आणि पत्ता : उत्तर आयर्लंडमधील कामगारांची धर्मगणना

उत्तर आयर्लंडमध्ये ज्याच्याकडे दहांहून अधिक नोकर आहेत अशा प्रत्येक मालकाला दरवर्षी एक विवरणपत्र भरून सरकारी आयोगाकडे पाठवावे लागते. आपल्याकडे प्रॉटेस्टंट किती, रोमन कॅथलिक किती आणि दोहोंपैकी कशातच न बसणारे किती, हे त्यात आकड्यांनी सांगायचे असते. कोणत्या हुद्द्यावर कोण, नव्याने कोण लागले, हेही त्यात येते. विवरणपत्र न पाठवणे हा गुन्हा आहे. बिस्किटांचा कारखाना असो, बँक असो, इस्पितळ असो की बारा माणसांची वखार असो, यातून सुटका नाही. १९९० पासून हे अव्याहत चालू आहे.

युरोपात हा प्रकार विलक्षणच मानावा लागेल. फ्रान्ससारख्या देशात तर नोकराला धर्म विचारून त्याची नोंद ठेवणे हेच कायद्याला सामान्यतः अमान्य आहे. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब, मालकाने तिच्याकडे पाहूच नये, म्हणजे अन्याय होणार नाही, अशी ही विचारसरणी. ती उदात्त आहे यात शंका नाही. उत्तर आयर्लंडने नेमका उलटा मार्ग धरला आणि तो का धरला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. येथे 'धर्म' म्हणजे श्रद्धा नव्हे. अल्स्टर या उत्तरेकडील प्रांतात १६०९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून आणून वसवलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांचे वंशज एका बाजूला आणि मूळच्या कॅथलिक आयरिश लोकांचे वंशज दुसऱ्या बाजूला, अशा या दोन जमाती आहेत. चारशे वर्षे एकाच मातीत राहूनही 'तुम्ही मूळचे कोण' हा प्रश्न तेथे मिटलेला नाही. वस्ती करून राहिलेल्या घराण्यांना या प्रश्नाची धार वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे तो बहुधा ओसरीवर, चहाबरोबर विचारला जातो. तेथे तो कारखान्याच्या दाराशी विचारला जात असे आणि त्याच्या उत्तरावर पोट अवलंबून असे.

बेलफास्ट हे जहाजांचे आणि तागाच्या कापडाचे शहर. १८६१ साली स्थापन झालेली हारलँड अँड वुल्फ ही तेथील जहाजबांधणीची कंपनी. 'टायटॅनिक' तिनेच बांधले आणि ३१ मे १९११ रोजी ते पाण्यात सोडले. या गोदीतली नोकरी म्हणजे कष्टकऱ्यांमधली पाटीलकीच. ती मुख्यतः प्रॉटेस्टंटांच्या हाती होती. २१ जुलै १९२० रोजी गोदीच्या आवारातून कॅथलिक कामगारांना हुसकून काढण्यात आले. ज्यांची मजूर चळवळीशी जवळीक होती असे प्रॉटेस्टंटही त्यांच्याबरोबर बाहेर फेकले गेले. रिव्हेट, बोल्ट आणि लोखंडाचे तुकडे भिरकावून पळवलेल्या माणसांपैकी काहींना जीव वाचवण्यासाठी पाण्यात उड्या टाकाव्या लागल्या. हे लोण इतर कारखान्यांतही पसरले आणि हजारो लोकांची रोजी गेली. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड हे वेगळे राज्य अस्तित्वात आले. त्यात दोनतृतीयांश प्रजा प्रॉटेस्टंट आणि एकतृतीयांश कॅथलिक होती.

ज्या १९२० च्या कायद्याने हे राज्य निर्माण झाले, त्याने तेथील संसदेला धर्मावरून भेद करणारे कायदे करण्यास मनाई केली होती. म्हणजे कागदावर सारे ठीक होते. परंतु नोकरी देणारा मालक किंवा मुकादम यांच्यावर त्या कलमाचा काहीच अंमल नव्हता. १२ जुलै १९३३ रोजी न्यूटाउनबटलर येथील सभेत सर बेसिल ब्रुक यांनी आपल्या अनुयायांना कॅथलिकांना कामावर न ठेवण्याचा जाहीर सल्ला दिला आणि आपल्या स्वतःच्या जमिनीवर एकही कॅथलिक नाही, हेही सांगितले. हे गृहस्थ पुढे १९४३ ते १९६३ अशी वीस वर्षे त्या राज्याचे पंतप्रधान होते.

मात्र सर्व अन्याय अशा भाषणांतून होत होता, असे समजणे चुकीचे ठरेल. बहुतेक ठिकाणी भाषणाची गरजच नव्हती. जागा रिकामी झाली की तिची जाहिरात होत नसे. बाप मुलाला आणी, काका पुतण्याला आणी, मुकादम आपल्या गल्लीतल्या पोरासाठी शब्द टाकी. कोणी कोणाचा द्वेष केलाच पाहिजे असे नव्हते. आपल्या माणसाची सोय लावणे एवढेच पुरे होते. परका अर्जदार आलाच, तर त्याला धर्म विचारण्याची वेळ येत नसे. शेमस किंवा पॅट्रिक हे नाव ऐकले की उलगडा झाला. शाळेच्या नावात 'सेंट' आले की शंका फिटली. पत्ता फॉल्स रोडचा असेल तर कॅथलिक, शँकिल रोडचा असेल तर प्रॉटेस्टंट. इंग्रजी वर्णमालेतले आठवे अक्षर कॅथलिक शाळेत शिकलेला मुलगा 'हेच' असे म्हणतो आणि प्रॉटेस्टंट 'एच' म्हणतो, हीसुद्धा तेथे खूण मानली जाते. आडनाव ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हिशेब उमटून जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या विद्येचे नवल वाटू नये.

१९६८ च्या ऑक्टोबरात डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यानंतर नेमलेल्या कॅमेरॉन आयोगाने १९६९ मध्ये आपला अहवाल दिला. त्यातला एक तपशील मला अनेक पानांच्या विवेचनापेक्षा बोलका वाटतो. फर्मॅना परगण्यात निम्म्याहून थोडी अधिक वस्ती कॅथलिकांची होती. तेथे शाळेच्या बसगाड्या चालवणारे सुमारे ७५ चालक होते आणि त्यांत कॅथलिक फार तर ७. बसचालकाच्या कामाला कोणती पदवी लागते? सचिव, अभियंता या जागांबद्दल 'लायक उमेदवार मिळाले नाहीत' असे म्हणता येते. बस चालवण्याबद्दल ते म्हणता येत नाही. येथे आकडा स्वतःच साक्षीदार होऊन उभा राहिला. आयोगानेही त्यातून भेदभावाचाच निष्कर्ष काढला.

१९७१ च्या जनगणनेतून आणखी एक आकडा पुढे आला. प्रॉटेस्टंट पुरुषांत बेकारीचे प्रमाण ६.६ टक्के होते, कॅथलिकांत ते १७.३ टक्के होते. तोवर रस्त्यावर रक्त सांडू लागले होते. १९७२ मध्ये स्थानिक संसद स्थगित होऊन लंडनची थेट राजवट आली. खाजगी उद्योगांतील भेदभावाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या व्हॅन स्ट्रॉबेन्झी समितीने १९७३ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७६ चा 'न्याय्य रोजगार' कायदा झाला. धर्म किंवा राजकीय मत यांवरून नोकरीत भेद करणे त्याने बेकायदा ठरवले. न्याय्य रोजगार संस्था स्थापन झाली आणि बॉब कूपर तिचे अध्यक्ष झाले.

त्याच १९७६ सालाची सुरुवात कशी झाली होती, हे सांगितल्याशिवाय पुढच्या गोष्टीचे गांभीर्य कळणार नाही. ५ जानेवारीच्या संध्याकाळी आर्मा परगण्यातील किंग्समिल या खेड्याजवळ, कापडाच्या कारखान्यातून घरी परतणाऱ्या कामगारांची छोटी गाडी बंदूकधाऱ्यांनी अडवली. गाडीत बाराजण होते. तुमच्यात कॅथलिक कोण, असे त्यांना विचारण्यात आले. आदल्याच दिवशी दोन कॅथलिक घरांवर हल्ले झाले होते. तेव्हा मारेकरी प्रॉटेस्टंट असून आपल्या सोबत्याला ठार करणार, अशी कामगारांची समजूत झाली आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रॉटेस्टंट सोबत्यांनी त्या एकट्या कॅथलिकाने पुढे येऊ नये म्हणून त्याला थोपवण्याचा प्रयत्न केला. घडले ते उलटेच. त्याला पळून जाण्यास सांगितले गेले आणि उरलेल्या अकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दहाजण मेले.

ज्या प्रदेशात 'तुमच्यात कॅथलिक कोण' या प्रश्नाचा असा अर्थ होता, तेथे मालकाने प्रत्येक कामगाराचा धर्म लिहून काढावा, असे सुचवायलाही धैर्य हवे होते. १९७६ च्या कायद्याने ते केले नाही. मालकांनी सदिच्छेच्या घोषणापत्रावर सह्या कराव्या, एवढेच सुचवले. हजारो सह्या झाल्या आणि भिंतींवर चौकटी लागल्या. ज्याला डावलले गेले त्याने तक्रार करावी आणि ती सिद्ध करावी, अशी योजना होती. परंतु आपल्याला का डावलले, हे डावललेल्या माणसाला कसे कळणार? ज्याची निवड झाली तो कोण, अर्ज किती आले, कारखान्यात एकूण कोण किती आहेत, यातले काहीच त्याच्या हाती नसे. वैयक्तिक तक्रारींपैकी फार थोड्या टिकल्या. गोदीची स्थिती तर सर्वश्रुत होती. सत्तरीच्या सुरुवातीस सुमारे दहा हजार कामगारांत कॅथलिक सुमारे चारशे, असा आकडा सांगितला जाई आणि पुढील दशकात त्यात मोठा फरक पडला नाही.

बदलाचा रेटा आला तो अमेरिकेतून. दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी लिऑन सलिव्हन या धर्मोपदेशकांनी १९७७ मध्ये आचारतत्त्वे मांडली होती. त्याच धर्तीवर १९८४ च्या नोव्हेंबरात उत्तर आयर्लंडसाठी नऊ तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांना शॉन मॅकब्राइड यांचे नाव मिळाले. हे तरुणपणी आयरिश सशस्त्र चळवळीचे सरसेनापती, मग आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री आणि १९७४ चे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्या नऊ तत्त्वांत एक असे होते की अल्पसंख्य कामगाराला कामावर तर संरक्षण मिळावेच, पण कामावर येता-जाताना वाटेतही मिळावे. किंग्समिल आठवले म्हणजे या कलमाचा अर्थ उमगतो. आयरिश वंशाचे मतदार भरपूर असलेल्या मॅसॅच्युसेट्सने १९८५ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने १९८६ मध्ये, आपल्या नोकरांच्या निवृत्तिनिधीतील पैसा बेलफास्टमध्ये कारखाने असलेल्या कंपन्यांत गुंतवताना ही तत्त्वे लक्षात घेतली जावीत, असे कायदे केले. ब्रिटिश सरकारने विरोध केला. कॅथलिकांचे नेमस्त नेते जॉन ह्यूम यांनाही ही मोहीम पसंत नव्हती. अशाने गुंतवणूकच येणार नाही, मग समान वाटणी कशाची करायची, असा त्यांचा सवाल होता. तो गैरलागू नव्हता. पण नैतिक आवाहनाने जे तेरा वर्षांत झाले नाही ते निवृत्तिनिधीच्या विश्वस्तांच्या पत्रांनी पाचसहा वर्षांत घडवून आणले, हेही तितकेच खरे. लंडन सरकारने स्वतःच कडक कायदा आणला तो १९८९ मध्ये, आणि १ जानेवारी १९९० पासून तो अमलात आला.

या कायद्याने ओझे तक्रारदाराच्या खांद्यावरून काढून मालकाच्या खांद्यावर ठेवले. प्रथम पंचवीसहून अधिक आणि १९९२ पासून दहांहून अधिक नोकर असलेल्या मालकांनी नोंदणी करायची, दरवर्षी गणना पाठवायची आणि दर तीन वर्षांनी आपली भरतीची पद्धत स्वतःच तपासायची. दोन्ही जमातींना योग्य वाटा मिळत आहे काय, नसेल तर कशामुळे आणि त्यावर उपाय काय, हे त्या तपासणीत मांडायचे. मोठ्या मालकांनी केवळ नोकरांची नव्हे, तर अर्जदारांचीही गणना ठेवायची. हे शेवटचे कलम फार मोलाचे ठरले. अर्जच आले नाहीत, तर निवडीत दोष शोधून उपयोग नाही. कॅथलिक तरुण शँकिलच्या बाजूच्या कारखान्याकडे फिरकतच नसेल, तर त्याचे कारण कारखान्याच्या वाटेत किंवा आत टांगलेल्या झेंड्यांत शोधावे लागते. शॉर्ट ब्रदर्स या विमानांच्या कारखान्यात १९८७ मध्ये व्यवस्थापनाने यंत्रांवरची पताकांची सजावट उतरवू पाहिली, तेव्हा कामगार काम टाकून बाहेर पडले होते. न पाठवलेल्या अर्जाची कोठे तक्रार होत नाही. तो फक्त आकड्यांत दिसतो.

आता गणना करायची कशी? नोकराला एक छापील प्रश्न विचारला जातो. तुम्ही काय मानता, देवळात जाता की नाही, हे त्यात विचारलेले नसते. तुम्ही धर्म पाळा वा न पाळा, येथील समाज बहुतेकांना प्रॉटेस्टंट किंवा कॅथलिक समजतो, तर तुमची पार्श्वभूमी कोणती, एवढाच प्रश्न असतो. एक जुना विनोद आहे. मी नास्तिक आहे, असे सांगणाऱ्याला बेलफास्टमध्ये पुन्हा विचारतात, "ते ठीक आहे, पण प्रॉटेस्टंट नास्तिक की कॅथलिक नास्तिक?" कायद्याने हा विनोद जणू गंभीरपणे नियमांत लिहून काढला.

आणि एखाद्याने उत्तर दिले नाही तर? उत्तर देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. अशा वेळी मालकाने इतर खुणांवरून ठरवावे, असा नियम आहे. त्या खुणा म्हणजे नाव, पत्ता, शिक्षण झालेली शाळा, खेळ आणि क्लब. वाचकाच्या लक्षात आले असेलच. ही तीच यादी आहे जी जुन्या मुकादमाच्या डोक्यात असे. ज्या विद्येने माणसाला दारातून परत पाठवले जाई, तीच विद्या त्याला मोजण्यासाठी आता सरकारी नियमावलीत बसली. याला कोणी विकृती म्हणेल आणि तसे म्हणणारे तेथे होते. जे विसरायचे ते कायदा पुन्हापुन्हा गिरवून घेतो, हा त्यांचा आक्षेप पोकळ नाही. दरवर्षी तक्ता भरणारा कारकून आपल्या सहकाऱ्यांकडे त्या नजरेने पाहतोच. मला तरी असे वाटते की मुकादमाची यादी अदृश्य होती म्हणूनच ती अजिंक्य होती. कागदावर येताच तिच्याशी वाद घालता येऊ लागला. शिवाय भीतीचा विचारही कायद्याने केला होता. आयोगाकडे जातात ते फक्त आकडे. त्यांत नावे नसतात. आणि एखाद्या कामगाराची ही माहिती बाहेर फोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मराठी वाचकाला येथे कोल्हापूरची आठवण होणे स्वाभाविक आहे. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांना संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा देण्याचा जो जाहीरनामा काढला, त्यातील ५० टक्के हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्याच जाहीरनाम्याच्या अखेरीस खातेप्रमुखांना दिलेली आज्ञा मात्र फारशी कोणी सांगत नाही. या हुकमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे विवरण दर तीन महिन्यांनी पाठवावे, अशी ती आज्ञा होती. हुकूम दप्तरात पडून राहू नये, याची तजवीज त्या एका वाक्यात होती. महाराज त्या वेळी विलायतेत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे महत्त्व आणखी पटते. फरक एवढाच की कोल्हापुरात वाटा ठरलेला होता आणि उत्तर आयर्लंडच्या कायद्याने ठरावीक वाट्याला मज्जाव केला. तेथे जागा राखून ठेवता येत नाहीत, दोघांतला कमी लायक उमेदवार जमातीकडे पाहून निवडता येत नाही. मालकाने उद्दिष्ट ठरवावे, जाहिरात सर्वत्र द्यावी, 'अमुक जमातीचे अर्ज विशेष स्वागतार्ह' असे छापावे, प्रशिक्षण द्यावे. पण निवड गुणांवरच. न ऐकणाऱ्याला सरकारी कंत्राटे आणि अनुदाने नाकारण्याचा अधिकार मात्र कायद्यात आहे.

अपवाद झाला तो पोलिसांचा. १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर नेमलेल्या पॅटन आयोगाला १९९९ मध्ये दिसले की पोलीस दलात कॅथलिक अवघे ८ टक्के आहेत. तेव्हा खास कायदा करून २००१ ते २०११ या दहा वर्षांत निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर अशी भरती झाली. अखेरीस दलातील कॅथलिकांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. मुदत संपताच ती तरतूद बंद केली गेली.

इतर नोकऱ्यांचे काय झाले? १९९० च्या पहिल्या गणनेत कॅथलिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. अलीकडच्या वर्षांत तो निम्म्याच्या जवळपास आहे. याचे सारे श्रेय विवरणपत्राला देणे इतिहासाला धरून होणार नाही. महायुद्धोत्तर शिक्षणकायद्याने कॅथलिक कामगारांची मुले विद्यापीठांपर्यंत पोहोचली होती. लोकसंख्येतील त्यांचा वाटा वाढत होता. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के भरले. आणि ज्या जुन्या उद्योगांवर प्रॉटेस्टंट कामगारांची मक्तेदारी होती, ते उद्योगच ढासळले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तीस हजारांहून अधिक माणसे राबवणारी हारलँड अँड वुल्फची गोदी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा तेथे शेकड्यानेच कामगार उरले होते. ज्या दारातून एका जमातीला हाकलले होते, ते दारच जवळजवळ मिटत आले. तरीही, आयोगाशी करार करून उद्दिष्टे स्वीकारणाऱ्या कंपन्यांत सुधारणा झाल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. कायद्याचा हात दोन्ही बाजूंना लागू होता, हेही नमूद करावयास हवे. जेथे प्रॉटेस्टंट कमी आढळले, तेथे त्या मालकांनाही तेच प्रश्न विचारले गेले.

आपल्या देशात राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करण्यास मनाई केली आहे. खाजगी मालकाकडे मात्र अशी गणना कोणी मागत नाही. २००६ च्या सच्चर समितीने समान संधी आयोगाची आणि विविधता मोजण्याची सूचना केली. २००८ मध्ये दोन तज्ज्ञगटांनी त्यांवर अहवालही दिले. त्यातून कायदा झाला नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये या गणनेला आता वेगळ्याच अडचणी येतात. २००४ नंतर पोलंड आणि लिथुआनियाहून आलेले हजारो कामगार कॅथलिक आहेत, पण बेलफास्टच्या जुन्या भांडणाशी त्यांचा संबंध नाही. केरळातून इस्पितळांत गेलेल्या परिचारिकांपैकी अनेक जणी जन्माने कॅथलिक. त्यांनी कोणत्या रकान्यात खूण करावी? नाव आणि पत्ता यांवरून ओळखण्याची जुनी विद्या त्यांच्यापुढे लटकी पडते.

शाळेची खूण मात्र आजही बहुधा चुकत नाही. दोन्ही जमातींची मुले एकत्र शिकावीत म्हणून पालकांनी काढलेली पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये सुरू झाली. पण अजूनही बहुसंख्य मुले आपापल्या जमातीच्याच शाळेत जातात. शिक्षकांच्या नेमणुकांना तर हा सारा कायदाच आरंभापासून लागू नव्हता. धर्म पाहून शिक्षक नेमण्याची मुभा होती. ती काढून टाकणारा कायदा २०२२ मध्ये झाला आणि २०२४ पासून अमलात आला.